माहेरचं सागवान

कौसा,

तुझ्या भावानं आज लाकूड आणून टाकलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली कडबा अंथरून, वरून ताडपत्री बांधून, तुझ्या माहेरून, साखऱ्याहून, इथं कनेरगाव नाक्यापर्यंत नवरी आणावी तसं सांभाळून आणलं. फळ्या ओट्यावर ओळीनं लावून ठेवल्यात. मी त्याला चहा केला. साखर जास्त पडली. मारोती तसाच गुमान प्याला. जाताना मात्र म्हणाला, "दाजी, मिस्त्रीला सांगून ठेवलं हाय. आता मागं सरू नका."

मला म्हणतो मागं सरू नका. सगळी नोकरी एसटीच्या दारात उभं राहून लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणण्यात गेली माझी. पण खरं सांगतो, या लाकडापुढं माझा पाय मागंच ओढतोय.

तुला आपल्या झोपायच्या खोलीच्या त्या भिंतीला सागवानी फळ्यांचं पॅनेल पाहिजे होतं. जमिनीपासून खिडकीपर्यंत, मधे मधे चौकटी पाडलेलं. ते आता लागणार. आणि ते लागलं की तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग कायमचा त्याच्यामागं जाणार. तुझी शेवटची इच्छा आणि तुझी शेवटची खूण, दोन्ही नेमकी एकाच भिंतीवर आलीत. मी कोणती ठेवू, ते तूच सांग. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून लगेच सांगितलं असतंस.

डागाची कुळकथा तुला काय सांगायची, पण सांगावीशी वाटते. तू खाटेवर कधी बसली नाहीस. खाट झोपायला आणि भुई बसायला, हा तुझा कायदा. दुपारची कामं उरकली की घोंगडी टाकायची, भिंतीला पाठ लावायची, पाय लांब करायचे आणि मांडीवर सूप घेऊन तूर निवडत बसायचं ते पार दिवेलागणीपर्यंत. मेथ्या टाकून उकळलेलं खोबरेल तू केसांना असं थापायचीस की भिंत तरी काय करणार? तीही ते प्याली. आधी पेल्याएवढा डाग पडला, मग ताटलीएवढा झाला. दर दिवाळीला मी त्यावर रंग मारायचो. निळा मारला, पिवळा मारला. होळी येईस्तोवर डाग पुन्हा हजर.

आपल्या लेकीच्या, मायाच्या, सासरची माणसं यायची झाली की तू लाजेनं त्या जागेवर कॅलेंडर टांगायचीस. जमिनीपासून दीड हातावर कॅलेंडर! "तिथी काय उंदरांनी पाहायची का?" मी विचारायचो. "पाहू द्या. ते तरी एकादशी पाळतेत, तुमच्यासारखे न्हाईत," तू म्हणायचीस. एकदा मायाच्या सासऱ्यांनी खरंच वाकून त्यात तारीख पाहिली, तेव्हा तू पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळालीस. तुझं ते हसू मला अजून ऐकू येतं.

पॅनेलचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते लेकीच्या नांदेडच्या फ्लॅटमध्ये. जावईबापूंनी पलंगामागची सगळी भिंत चॉकलेटी पट्ट्यांनी मढवून घेतली होती. तू पदराला हात पुसलेस आणि एखाद्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या पट्ट्यांवरून हात फिरवलास. मग खाली बसून पाठ टेकून पाहिलीस. परतीच्या गाडीत नांदेड सुटल्यापासून तुझं सुरू झालं ते आपला फाटा येईपर्यंत. "पाठीला गार लागत न्हाई वो. आपल्या भितीला हिवाळ्यात टेकलं की कळ निघते, इथून पार इथपर्यंत. आन् डागाची बी कटकट न्हाई."

मी म्हणालो, "ते लाकूड नव्हतं, कागद चिकटवलेला होता. आणि हे थेर आमदाराच्या बंगल्यात शोभतात. आपल्याकडं उधई-वाळवी लागेल."

"लागू द्या. तिलाबी घर पाहिजे."

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे भरल्या गाडीत तिकिटं फाडण्यासारखं होतं. एकाला उत्तर द्यावं तर दुसरीकडून हात पुढं.

आणि मग एका वावधनात, सोसाट्याच्या वाऱ्यात, मारोतीच्या बांधावरचं सागाचं झाड पडलं. तुझ्या वडलांनी लावलेलं. मारोतीनं ते आरा मशीनवर नेऊन चिरून आणलं, फळ्या गोठ्याच्या आढ्याला वाळत टाकल्या आणि तुला निरोप धाडला, अक्का, हे तुझं हाय. तुझा चेहरा असा उजळला होता त्या दिवशी की मला तुझा थोडा रागच आला. मी सरळ सांगून टाकलं, सासुरवाडीचं लाकूड माझ्या भिंतीला लागणार नाही. लोक म्हणतील, कंडक्टरला स्वतःच्या हिमतीवर चार फळ्या जमल्या नाहीत.

तू सूप बाजूला ठेवलंस. "मी जिमिनीचा हिस्सा भावाला सोडून आले, तवा तुमी एक शबूद बोलले न्हाई. सही करून मोकळी झाले. आता एक झाड मागून राहिले, तर काहून बोलून राहिले?"

  बहिणींनी हिस्सा सोडायचा आणि वर्षाला एका साडी-चोळीवर हसत माहेरी जायचं, हे आपल्याकडं इतकं चालत आलेलं की त्यात बोलण्यासारखं काही असतं हेच कधी मनात आलं नव्हतं. उत्तर नसलं की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. मी थट्टेवर नेतो. म्हणालो, "अगं, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता भिंती सजवून कुणाला दाखवायच्या?"

"गोवऱ्या तुमच्या गेल्या असतील. माझ्या अजून अंगणात वाळून राहिल्या."

असं म्हणून तू सूप पुन्हा मांडीवर घेतलंस आणि मीही हसलो. वाद तिथंच राहिला. उद्या पुन्हा काढू, असंच दोघांना वाटत असणार. आपल्याकडं वादांना काय तोटा होता? पण तुझ्या गोवऱ्या कधी वाळल्या ते मला कळलंच नाही गं.

तू गेल्याचं मी इथं लिहीत नाही. ते सगळ्यांनी पाहिलं आहे, सगळे येऊन बोलून गेले आहेत. जे कुणी पाहत नाही ते लिहितो. मला एका माणसाचं पीठ मळता येत नाही. कितीही कमी घेतलं तरी भाकरी दोन होतात. दुसरी दुपारपर्यंत वाळते आणि मग ती शेजारच्या शेळीला जाते. शेळी आता मला पाहून दाव्याला हिसका देते. घरात माझी वाट पाहणारी तेवढीच एक उरली आहे.

आणि वाट्या साचल्यात. शेजारणी बिचाऱ्या भाजी आणून देतात, कुणी वरण, कुणी पिठलं. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हा तुझा नियम. तू त्यात काय घालायचीस, कौसा? कधी चार दाणे साखर, कधी लसणाची चटणी, कधी परसातल्या दोन मिरच्या. मला काही सुचत नाही. वाट्या घासून ओळीनं मांडून ठेवल्यात. कोणती कुणाची तेही आता कळत नाही. काल एक बाई म्हणाली, "राहू द्या वो दाजी, वाटीचं काय एवढं." तिला वाटलं मी विसरलो. मी विसरलो नव्हतो. तिच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभं राहायची मला लाज वाटत होती.

नोकरीत माझ्या निम्म्या रात्री मुक्कामाच्या गाडीवर गेल्या. कुठल्या तरी गावच्या पारापुढं गाडी लावायची, ड्रायव्हर एका सीटवर आणि मी दुसऱ्या सीटवर आडवा. मला आपली ऐट होती की एकटं पडणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. काडीचं ठाऊक नव्हतं. सकाळी गाडी परत घराकडंच जाणार असते, तेव्हा माणूस एकटा नसतो. एकटं म्हणजे काय ते आता कळतंय, आणि माझ्या त्या सगळ्या रात्री तू इथं कशा काढल्यास हे विचारायचं राहून गेलं.

तू गेल्यावर घर धुवायला बाया आल्या. त्यातल्या एकीनं सोडा आणि काथ्या घेतला आणि खोलीतल्या त्या डागावर घासायला सुरुवात केली. चांगल्या मनानं करत होती बिचारी. मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेर बसलेली माणसं आत आली. "हात लावू नका त्याला!" बाई घाबरून मागं सरली. मायानं तिच्या हातातला काथ्या काढून घेतला, मला बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. लोकांनी समजून घेतलं. ताजं दुःख आहे, डोकं जागेवर नाही, असं काहीतरी कुजबुजले. डोकं अगदी जागेवर होतं माझं. रोज सकाळी उठलो की मी खाटेवरून आधी तिकडं पाहतो. फोटोला हार घातला आहे मायानं, पण फोटोत तू स्टुडिओत बसल्यासारखी बसलेली आहेस. तशी तू कधीच नव्हतीस. डागात आहेस तू.

आता दहाव्याचं ऐक. तू तिथं होतीसच, निदान भटजी तरी तसं म्हणाले. नदीकाठी पिंड ठेवला. आम्ही सगळे मागं सरून हात जोडून उभे. बाभळीवर कावळा येऊन बसला खरा, पण खाली उतरेना. विनातिकिटाचा प्रवासी कंडक्टर आला की खिडकीबाहेर पाहत बसतो ना, तसा दुसरीकडंच पाहत बसला. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल माउलीची. बोला, वचन द्या."

मग एकेक जण पुढं झाला. मायानं रडत सांगितलं, "माय, तू बाबांची काळजी नको करू. मी त्यांना नांदेडला घेऊन जाते." कावळ्यानं मान वळवली आणि पंख खाजवले. मला त्या तसल्या वेळी हसू आलं. म्हटलं, हिला मंजूर नाही. मग तुझ्या चुलत जावेनं मायाच्या पोरीच्या लग्नाचं काढलं, नातीला शाळेत घालून अजून पुरतं वर्ष झालेलं नाही. कुणी तुळजापूरचा नवस फेडू म्हणालं. कावळा ढिम्म. भटजींनी दर्भ हातात घेतला. दर्भाचा कावळा करून शिववावा लागेल, असं त्यांचं चाललं होतं. सगळे माझ्याकडं पाहू लागले. मला कळत होतं काय म्हणायचं ते. जिभेवर आलं होतं. पण तो डाग डोळ्यापुढं आला आणि तोंड उघडेना.

तेवढ्यात मारोती पुढं झाला. टोपी काढून हातात घेतली आणि पिंडाकडं नाही, सरळ त्या कावळ्याकडं पाहून बोलला, "अक्का, तुझ्या खोलीला बाचं लाकूड लावून देतो. दाजी काय बी म्हणू दे. माझं वचन हाय."

आणि तो मेला कावळा उतरला.

मी कावळ्या-बिवळ्याला मानणारा माणूस नाही. इतक्या उन्हात भातापुढं बसलेल्या पाखराला भूक लागणारच, असं मी घरी येताना चारचौघांत म्हणालोही. कुणी हसलं नाही. माया तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आणि मलाही आतून काहीतरी टोचत होतं. वचन मारोतीनं दिलं, पण भिंत माझी होती. ते मीच द्यायला पाहिजे होतं, कारण ते मागणारी तू माझी होतीस.

मग मी रिवाजाचा आडोसा घेतला. म्हटलं, घरात माणूस गेलं की वरीसभर नवं काम काढू नये. वर्षश्राद्ध होऊ द्या, मग पाहू. आयुष्यात पहिल्यांदा मी रिवाज पाळायला निघालो, तर मारोती मलाच शिकवतो, "दाजी, ते नव्या कामाला. हे नवं कुठं हाय? अक्काचं जुनंच हाय." आणि आज ट्रॉली दारात उभी केली.

फळ्या चांगल्या आहेत, कौसा. हात फिरवून पाहिला मी, कुणी नसताना. वास येतोय अजून. दोन दिवसांनी मिस्त्री येणार. आणि मी अजून खाटेवर बसून डागाकडंच पाहतोय.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो.

चार दिवसांपूर्वी सलीम मिस्त्री आला. हिंगोलीचा. तुला तो आवडला असता, कारण तो तुझ्यापेक्षा जास्त बोलतो. आल्या आल्या फळ्यांवर बोटांनी ठोकून पाहिलं. "भाभीचं लाकूड नंबर एक हाय कंडक्टरसाहेब. असं जुनं सागवान आता मिळत न्हाई. पुन्हा तुमची भिंत रस्त्याच्या अंगाला न्हाई, ओल कमी. फर्स्ट क्लास काम होतंय पाहा." दुपारपर्यंत ओट्यावर रंधा मारला, चौकटी जोडल्या. सगळ्या अंगणभर भुसा. शेळीनं तोही हुंगून पाहिला. मग तो खोलीत आला. भिंतीवर सुतानं रेघा मारल्या, फळ्यांमागच्या रिपा, लाकडी पट्ट्या, ठोकायच्या जागी खुणा केल्या. उधईच्या औषधाचा डबा उघडला आणि त्या डागापाशी उकिडवा बसला.

"ये तेलकट हाय. इथं दवा धरत न्हाई. खरवडून काढतो." असं म्हणून त्यानं पत्र्याची पट्टी हातात घेतली.

"थांबा," मी म्हणालो.

"काहून?"

"चहा पिऊन या नाक्यावर. माझ्या नावावर सांगा."

"आत्ताच तर पिलो साहेब."

"दुसरा प्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पट्टी खाली ठेवली आणि काही न विचारता गेला. बोलणारी माणसं कधी गप बसायचं तेही जाणतात.

मला तुझा निरोप घ्यायचा होता, दुसरं काय. मनात म्हटलं, एकदा तिथं डोकं टेकवावं, रडायचं असेल तर रडून घ्यावं, आणि मग होऊ द्यावं जे व्हायचं ते. इतक्या वर्षांत मी त्या जागी कधी बसलो नव्हतो. मी खाटेवरचा माणूस. गुडघे धरत धरत खाली बसलो, पाठ लावली. माझं डोकं डागाच्या वर गेलं. मग पाय लांब केले, थोडा खाली घसरलो, आणखी थोडा घसरलो, तेव्हा कुठं डोकं बरोबर तुझ्या जागी आलं. मेथीचा वास आला. अगदी बारीक, पण आला.

आणि मी समोर पाहिलं.

खाटेवरून काय दिसतं ते मला पाठ आहे, कपाट आणि वरची फडताळं. उभं राहिलं तर पुढच्या खोलीचं दार दिसतं, आणि दाराबाहेर मीच ठोकलेला पत्रा इतका खाली उतरतो की त्यापुढचं काही दिसत नाही. पण तिथून, भुईवरून, तुझ्या उंचीवरून, पत्र्याच्या कडेखालून सगळं मोकळं आहे. खोलीचं दार, पुढचं दार, ओटा, फाटक, आणि फाटकातून नाकासमोर, चढावरच्या रस्त्यापलीकडं, एसटीचा थांबा. थांब्याचा खांब. चहाच्या टपरीचं बाकडं. वरचं काही दिसत नाही, पत्रा कापतो. माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात.

मी बघत असतानाच वाशिमकडून गाडी आली. चाकं थांबली. एक एक पाय खाली उतरले.

तेव्हा मला कळलं तू काय करत होतीस. मी ड्यूटी संपवून उतरायचो, फाटकापाशी यायचो, तो आत स्टोव्हचा आवाज सुरू झालेला असायचा. मला वाटायचं, गाडीचा आवाज ऐकून उठत असेल. पण गाड्या तर दिवसभर येतात, कौसा. सगळ्यांना तू उठत नव्हतीस. रिटायर झाल्यावर मी त्या टपरीवर बसून घरी आलो की तू म्हणायचीस, "कुणाशी बोलून राहिले एवढा वेळ?" मी म्हणायचो, तुला काय माहीत? तू हसायचीस. तुला माझे पाय माहीत होते. माझे बूट, मग नंतरच्या माझ्या चपला, माझं ते डाव्या पायानं आधी उतरणं. सूप मांडीवर, तूर हातात आणि डोळे पत्र्याखालून थांब्यावर. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तू भिंतीला पाठ टेकून विसावा घेतेस.

रडायला बसलो होतो, पण रडू आलं नाही. एवढं कुणीतरी आपल्याकडं पाहत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याला काय म्हणतात मला माहीत नाही. बरं वाटलं की वाईट, तेही सांगता यायचं नाही. तू सांगितलं का नाहीस कधी? मी थट्टा केली असती म्हणून? केलीच असती मी.

सलीम मिस्त्री परत आला आणि मला भुईवर बघून दचकला. "तब्येत ठीक हाय ना साहेब?"

"ठीक हाय. हात द्या जरा." त्यानं मला उठवलं. मी म्हणालो, "लावा आता."

"खरवडू?"

"न्हाई. तसंच राहू द्या, वरून लावा."

"उधई तिथूनच लागंल पाहा. मंग मला बोलू नका."

"लागू द्या. मी जाईस्तोवर तरी खात न्हाई सगळं."

त्यानं कपाळाला हात लावला, पण ऐकलं. रिपा ठोकल्या, फळ्या बसवल्या, दिवे लागायच्या आत पॉलिशचा पहिला हात मारला. डागावर फळी चढली तेव्हा मी तिथंच उभा होतो. डोळे मिटले नाहीत.

मारोती आज सकाळी येऊन बघून गेला.  तुझ्यासारखाच हात पुसला त्यानं, धोतराला, आणि मग फळीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मायाला व्हिडिओवर दाखवलं. तिला फार आवडलं, आमच्यापेक्षा भारी झालं म्हणाली, खऱ्या लाकडाचं ते खऱ्या लाकडाचंच. मग हळूच विचारलं, "बाबा, मग आता तरी येता ना इकडं?" मी म्हणालो, "आत्ताच तर भिंत केली. लगेच टाकून कसा येऊ?" तिला ते पटलं की नाही, कोण जाणे.

तुझं खरं होतं, कौसा. पाठीला गार लागत नाही. हे मोठ्यानं बोललो मी आज, तू ऐकावंस म्हणून. आमदाराच्या बंगल्याचं माझं बोलणं मी मागं घेतलं. सासुरवाडीच्या लाकडाचंही घेतलं. इतक्या सहज हरायला मी तयार होतो, तर तू असतानाच का हरलो नाही, हे मात्र मला अजून उमगत नाही. मला तुझी फार आठवण येते. हेही कधी बोललो नव्हतो, मुक्कामाच्या गाडीवरूनसुद्धा नाही.

संध्याकाळी मी आता खाटेवर बसत नाही. घोंगडी टाकतो, सागवानाला पाठ लावतो आणि तुझ्या उंचीवर येईपर्यंत खाली घसरतो. हिंगोलीची गाडी येते, थांबते. पत्र्याखालून पाय दिसतात. चपला, बूट, साड्यांचे काठ, शाळेच्या पोरींचे पांढरे मोजे. सगळे आपापल्या घरांकडं वळतात. आपल्या फाटकाकडं कुणाचेच वळत नाहीत. तरी गाडी सुटेपर्यंत मी जागचा उठत नाही.